आधी पाऊल, मग हात

उजवीकडची फुलदाणी फुटली तेव्हा सासरे ओरडले होते. डावीकडचा दिवा फुटला तेव्हा त्यांनी टाळ्या वाजवल्या. या दोन फोडाफोडींच्या मधल्या काळात सुनेचा गोल्फचा स्विंग सुधारला, आणि तो कसा सुधारला त्याचीच ही गोष्ट आहे.

सून पार्सलच्या गोदामात पाळीप्रमुख होती. सरकत्या पट्ट्यावरून खोकी येत राहतात, पत्ता बघून ती ज्या त्या जाळीच्या गाडीत टाकायची, आणि पट्टा कुणाच्या बापासाठी थांबत नाही. अशा ठिकाणी माणूस उरकायला शिकतो. ती जेवण उरकायची, आंघोळ उरकायची, फोनवर समोरच्याचं वाक्यही उरकून टाकायची. नवरा म्हणायचा, हिने लग्नसुद्धा उरकलंच. गोल्फशी तिचा संबंध एवढाच की सासू-सासरे दोघंही खेळायचे आणि त्यांचे चिखलाचे बूट नेमके तिच्या पायात यायचे.

मग सासरे पायरीवरून घसरले आणि त्यांचा खुबा मोडला. ऑपरेशन झालं, हातात काठी आली. घरातला सगळ्यात बडबड्या माणूस गप्प झाला, आणि मुळातच कमी बोलणाऱ्या सासूबाईंनी त्याच संध्याकाळी आपली गोल्फची बॅग माळ्यावर टाकून दिली. सासूबाई ऑपरेशन थिएटरमधल्या सिस्टर होत्या, नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. माळ्यावर गेलेली वस्तू त्या पुन्हा खाली काढत नसत, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

सासऱ्यांना खरी काळजी खुब्याची नव्हती, खुंटीची होती. मैदानाच्या इमारतीत, व्हरांड्यातल्या भिंतीवर खुंट्यांची एक लांब रांग होती. एका जोडीला एक खुंटी, आणि तिच्यावर त्या दोघांच्या टोप्या. जोडी नात्यातलीच हवी, असा तिथला जुना रिवाज. बाप-लेक, बहिणी-बहिणी, नवरा-बायको, काहीही चालेल. वर्षातून एकदा जोड्यांची स्पर्धा व्हायची, आणि जी जोडी शेवटची येईल तिने आपल्या हातांनी खुंटीवरच्या टोप्या काढून घरी न्यायच्या. जी आलीच नाही ती शेवटचीच धरायची. बाहेर वाट बघणाऱ्यांची रांग अशी लांबलचक, की या वयात एकदा उतरलेली टोपी पुन्हा चढली असं कुणी पाहिलेलं नव्हतं.

मुलगा कामाचा नव्हता. गवत दिसलं की त्याला शिंका सुरू व्हायच्या. राहता राहिली सून.

"तू खेळायचं नाहीच आहेस," सासरे तिला म्हणाले. "फक्त जागा राखायची. बसच्या सीटवर आपण रुमाल टाकतो ना, तेवढंच. पुढच्या वर्षी मी आहेच की."

रुमाल व्हायला काय अक्कल लागते, असं मनाशी म्हणून ती हो म्हणाली. तेही तिने उरकलंच. दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंची बॅग मात्र दारात बुटांशेजारी उभी होती, माळ्यावरची धूळसुद्धा पुसलेली.

सरावाच्या मैदानावर सासरे घडीची खुर्ची टाकून बसले आणि सूनबाईंनी पहिला चेंडू मारला. म्हणजे मारायला गेल्या. चेंडू जागच्या जागी लोळला. दुसरा उजवीकडच्या झुडपात गेला. तिसऱ्याच्या वेळी चेंडू तिथेच राहिला आणि गवताचा एक मोठा तुकडा उडून सासऱ्यांच्या मांडीवर येऊन पडला. त्यांनी तो काठीने बाजूला केला आणि कित्येक आठवड्यांनी पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांत चमक आली. शिकवायला इतकं वाईट कुणी मिळणं हे भाग्यच होतं.

"तुझी वरातच उलटी निघालीय," ते म्हणाले. "आधी पाय निघतो, मग कंबर, मग खांदे, मग हात, आणि सगळ्यात शेवटी क्लब, म्हणजे हातातला दांडा. तुझे हातच पुढे पळतात. पायांना तर कुणी बोलावलेलंच नाही."

मग शिकवणी सुरू झाली. क्लब उलटा धरायचा, जाड टोक हातात आणि मूठ खाली, आणि हवेत फिरवायचा. सूं असा आवाज येतो. तो आवाज चेंडूच्या जागेच्या पुढे, डाव्या अंगाला यायला हवा, कारण वेग तिथे हवा. सुनेचा सूं उजव्या कानाशीच येऊन संपायचा. म्हणजे चेंडूपर्यंत पोचायच्या आतच सगळा जोर खर्च. नंतर दोन्ही पाय जुळवून मारायचं, म्हणजे घाई केली की तोल जातो आणि आपलं आपल्याला कळतं. तिचा तोल इतका गेला की शेजारच्या पट्टीवर सराव करणारा दंतवैद्य आपलं सामान उचलून लांब गेला. आणि लयीसाठी सासऱ्यांनी मंत्र दिला, जेवायला चल. क्लब वर नेताना सावकाश "जेवायला", आणि खाली आणताना एकच "चल". वर जायला वेळ घ्यायचा, खाली यायला नाही. सुनेच्या तोंडून ते "जेवाचल" असं एका घासात बाहेर पडायचं.

घरीही सुटका नव्हती. दिवाणखान्यात टेबल सरकवून ती उलटा क्लब फिरवायची आणि सासरे डोळे मिटून ऐकायचे. एका संध्याकाळी सूं झाला, पाठोपाठ खळ्ळ झालं, आणि उजवीकडच्या कपाटावरची फुलदाणी गेली.

"उजवीकडे," सासरे ओरडले. फुलदाणीचं त्यांना काहीच नव्हतं.

सून काच गोळा करायला बसली आणि तिला रडूच आलं. स्पर्धा तोंडावर आलेली, आणि आपण अजून फुलदाण्या फोडतोय. सासूबाई केरसुणी घेऊन आल्या, शेजारी बसल्या. सून त्यांना म्हणाली, आई, माझ्याच्याने नाही होणार हे, दुसरं कुणी बघा. सासूबाईंनी काचेचा एक बारका तुकडा बोटाच्या टोकाने उचलला.

"शेवटचे आलो तर ती टोपी मला काढावी लागेल," त्या हळूच म्हणाल्या. "मी आयुष्यभर काय काय बघितलंय थिएटरात. पण यांची टोपी खुंटीवरून काढायचं मला जमायचं नाही गं."

झालं. रुमालाला आता रुमाल राहून भागणार नव्हतं.

आणि मग एका अगदी साध्या सकाळी ती गोष्ट घडली. पट्ट्यावरून एक भलं जड खोकं आलं, आत फरशा होत्या. दोघा जणांनी त्याच्याकडे बघून न बघितल्यासारखं केलं. सुनेने ते उचललं, झोका घ्यायला उजवीकडे नेलं आणि डावीकडच्या गाडीत सोडून दिलं. खोकं धाडकन बसलं आणि ती जागच्या जागी थिजली. तिचा डावा पाय गाडीच्या दिशेने पुढे गेलेला होता. कधी गेला? खोकं अजून मागेच जात होतं, तेव्हाच गेला. हात मागे निघालेले आणि पाऊल पुढे पडलेलं. मग कंबर, मग खांदे, आणि हात सगळ्यांच्या शेवटी.

तिने खोकं परत बाहेर काढलं आणि पुन्हा टाकलं. पुन्हा काढलं, पुन्हा टाकलं. आधी पाऊल, मग हात. इतकी वर्षं ती रोज हेच करत होती. हलकी खोकी हाताने भिरकावायची, पण जड खोकं हाताने उचलून टाकायला गेलं तर पाठ धरते, म्हणून शरीराने आपलं आपण शोधून काढलं होतं. सासऱ्यांची वरात तिच्या अंगात सरळच होती, फक्त क्लब हलका पडला म्हणून तिने ती कधी बोलावली नव्हती. तिचा आनंद गगनात मावेना. पट्टा तुंबला. पट्ट्यामागून कुणीतरी विचारलं, बाई, खोकं पसंत नाही का? तिने ऐकलंच नाही. ती फोन लावत होती.

"बाबा, मला येतं," ती फोनवर म्हणाली. "मला आधीपासून येतं."

सासऱ्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं, आणि मग त्यांचाही आवाज चढला. ते म्हणाले की याचा सराव करायची खरोखर एक पद्धत आहे, पावलाचं ड्रिल म्हणतात तिला, आणि तू उद्याची वाट न बघता आजच लवकर घरी ये. पाय जुळवून उभं राहायचं. क्लब वर निघाला की तो वर पोचायच्या आत डावं पाऊल पुढे टाकायचं आणि मग बाकी सगळं सोडून द्यायचं, खोक्यासारखं.

त्या संध्याकाळी दिवाणखान्यात तिने पाय जुळवले, मनाशी "जेवायला" म्हटलं, पाऊल टाकलं, आणि "चल" म्हणताच सूं असा आवाज आला की खिडकीतलं मांजर उठून गेलं. आवाज डावीकडे आला होता. पाठोपाठ डावीकडचा उभा दिवाही गेला. सासरे काठी टाकून टाळ्या वाजवत होते. नवरा आतल्या खोलीतून आला, फुटलेला दिवा बघितला, टाळ्या वाजवणारा बाप बघितला, आणि आल्या पावली परत गेला.

सरावाच्या मैदानावर आता चेंडू उडायला लागले. सरळ, उंच, आणि असे लांब की तिलाच हसू फुटायचं. दंतवैद्य आपलं सामान घेऊन पुन्हा शेजारी आला. हळूहळू सासऱ्यांनी पाऊल लहान करायला लावलं, मग नुसती टाच उचलायला लावली, आणि शेवटी पाय जागेवर ठेवून तीच वरात आतल्या आत काढायला लावली. स्पर्धेच्या आदल्या दिवशी त्यांनी बजावलं की ड्रिल ते ड्रिल. उद्या तिथे पाऊलबिऊल टाकायचं नाही, माणसासारखं उभं राहून मारायचं.

स्पर्धेत एका जोडीला एकच चेंडू. एक फटका एकीचा, पुढचा दुसरीचा, असं आळीपाळीने शेवटच्या खड्ड्यापर्यंत, आणि ज्यांचे फटके सगळ्यांत जास्त ते शेवटचे. सकाळी सुनेने पहिला फटका मारला तो असा सणसणीत, की सासूबाईंनी चक्क भुवई वर केली. त्यांच्या बाबतीत हे म्हणजे नाचण्यासारखंच होतं. अर्धा खेळ होईपर्यंत दोघी मजेत होत्या. सुनेला वाटलं, शेवटचं कसलं, आपण बक्षीसच उचलणार.

असं वाटायला लागलं की घाई लागते. कितवे आहोत, पुढे कोण, मागे कोण, हे ती बघायला लागली आणि हात पुन्हा पुढे पळायला लागले. एक चेंडू झुडपात, एक वाळूत. सासूबाई वाळूत उतरायच्या, चेंडू बाहेर काढायच्या, बुटातली वाळू झटकायच्या. "जेवायला" ओठांवर यायच्या आत "चल" होऊन जात होतं.

शेवटचा खड्डा आला तेव्हा गणित सरळ होतं. त्यांच्या आधी दोघा साडूंची जोडी खेळून संपली होती. थोरला साडू वकील, धाकटा भूल देणारा डॉक्टर, आणि दोघं दर चेंडूला भांडायचे. त्यांची अवस्था वाईट होती, पण सासू-सुनेची त्यांच्याहून बरी नव्हती. या खड्ड्यात चार फटक्यांत चेंडू गेला तर साडूंच्या टोप्या उतरणार. पाच लागले तर बरोबरी, आणि बरोबरीत नव्या भिडूच्या जोडीने खुंटी सोडायची, असा रिवाज. साडू तिथेच उभे राहिले. खेळून झालेले बाकीचेही येऊन थांबले. समोर तळं, तळ्यापलीकडे खड्ड्याभोवतीची कातरलेली हिरवळ, आणि हिरवळीच्या कडेला घडीच्या खुर्चीत सासरे.

सासूबाईंनी पहिला फटका मारला, नेहमीसारखा, फार लांब नाही आणि जराही वाकडा नाही. चेंडू तळ्याच्या अलीकडे छान गवतावर थांबला. आता पाण्यावरून पलीकडे न्यायचा होता, आणि तो सुनेने.

ती चेंडूशी उभी राहिली. दोन वेळा हवेत क्लब फिरवून बघितला. सूं दोन्ही वेळा उजव्या कानाशी. हे असंच मारलं तर चेंडू पाण्यात, हे तिला अगदी लख्ख कळत होतं. ती मागे सरली आणि तिने सासूबाईंकडे पाहिलं.

"आई, मी पाऊल टाकून मारू का?"

सासूबाईंनी तळ्याकडे बघितलं, पलीकडच्या खुर्चीकडे बघितलं. "तुझा फटका आहे," त्या म्हणाल्या. "तुला जसा येतो तसा मार."

सुनेने दोन्ही पाय जुळवले. बघ्यांत कुजबूज झाली, कुणीतरी हसलं. थोरला साडू पुढे आला आणि हे चालत नाही म्हणाला. धाकटा म्हणाला, चालतं. लगेच दोघांची जुंपली. समितीच्या चिटणीसांना मध्ये पडावं लागलं. त्यांनी डोकं खाजवलं, नियम आठवून बघितले आणि सांगितलं की चेंडू जागचा हलवू नये एवढंच बघायचं, मारताना माणसाने पाय कुठून कुठे न्यावेत यावर कुणाचीही बंदी नाही. पलीकडे सासरे काठी टेकून उभे राहिले होते. हजार सूचना त्यांच्या जिभेवर आल्या असणार. त्यांनी आपल्याच हाताने आपलं तोंड दाबून धरलं.

सुनेला ते दिसलं आणि अचानक हसू आलं. हसू आलं तसे खांदे खाली आले. चेंडू चेंडू राहिला नाही, फरशांचं खोकं झाला. गाडी तळ्यापलीकडे. तिने क्लब वर न्यायला सुरुवात केली, जे, वा, य, ला, आणि तो अजून वर जातच होता तेव्हा डावं पाऊल आपण होऊन पुढे पडलं.

चल.

सूं डावीकडे झाला. हाताला काही लागलंसुद्धा नाही. चेंडू उठला, तळ्यावर उंच गेला, इतका वेळ वर राहिला की दोघं साडूही भांडायचे थांबले, आणि मग पलीकडे हिरवळीवर टप् करून बसला. सासऱ्यांनी तोंडावरचा हात काढला आणि जो आवाज काढला त्याला कुठल्याच भाषेत शब्द नाही.

उरलेलं पायी चालत जाऊन करायचं काम होतं. सासूबाईंनी चेंडू लांबून ढकलला, तो खड्ड्याच्या तोंडाशी थांबला. सुनेला फक्त बोटभर टोचायचा होता. तेवढ्यासाठी तिने पाय इतक्या वेळा जुळवले की सासूबाई मागून म्हणाल्या, इथे पाऊल टाकू नकोस हं, चेंडूवर पडशील. तिने टोचला. गेला. चार.

व्हरांड्यात साडूंनी आपल्या टोप्या उतरवल्या. त्या वेळी मात्र ते भांडत नव्हते. थोरल्याने धाकट्याची टोपी काढली, झटकून त्याच्या हातात दिली. सुनेला वाईट वाटलं. पण ते वाईट वाटणं फार वेळ टिकेना, कारण आतून आनंद उसळ्या मारत होता. ती सासऱ्यांना शोधत खुंटीपाशी आली, तर ते काठी बगलेत धरून स्वतःची टोपी काढत होते.

"बाबा, अहो काय करताय? वाचली ना जागा. तुमचीच आहे."

"तुझी टोपी दे," ते म्हणाले.

तिच्या डोक्यावर गोदामातली कामाची टोपी होती, कडेला चिकटपट्टी लावलेली. तिने ती दिली नाही. मी रुमाल आहे, ती म्हणाली. पुढच्या वर्षी तुम्ही आहात, तुम्हीच म्हणालात.

"डॉक्टरांनी मला केव्हाच सांगितलंय," सासरे शांतपणे म्हणाले. "चालता येईल, हे नाही करता येणार. तू हो म्हणायच्या आधीच सांगितलं होतं."

इतके दिवस, इतक्या सकाळी, फुलदाणी, दिवा. मग कुणासाठी राखली ही जागा, तिने विचारलं.

सासरे व्हरांड्याच्या कठड्याकडे बघत होते. तिथे सासूबाई बुटांचा चिखल काडीने काढत बसल्या होत्या आणि दंतवैद्याला हातवारे करून काहीतरी सांगत होत्या. बहुतेक तळ्यावरचा चेंडू सांगत होत्या. एवढं बोलताना सुनेने त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"बॅग माळ्यावर गेली ती मी पाहिली ना," सासरे म्हणाले. "मी पडलो म्हणून तुझी सासूही घरी बसणार होती. माझ्या जागी ये म्हटलं असतं तर तू आली नसतीस, आणि तिने येऊ दिलं नसतं. मी परत येणार म्हटल्यावर दोघी निमूट निघालात."

सुनेचे डोळे भरून आले. तिने टोपी काढून त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती सासूबाईंच्या टोपीवर नीट अडकवली, जरा मागे होऊन बघितलं, आणि आपली जुनी टोपी डोक्यावर घातली.

सासूबाई आल्या. त्यांनी खुंटीकडे पाहिलं, नवऱ्याच्या डोक्याकडे पाहिलं. त्यांना सगळं समजलं असावं. मग त्यांनी सासऱ्यांच्या डोक्यावरची टोपी हाताने सरळ केली आणि सुनेकडे वळल्या.

"उद्या लवकर ऊठ," त्या म्हणाल्या. "ते शेवटचं टोचणं फार वाईट होतं तुझं."